गावतळ्यात मासे सोडताय? आधी या चुका टाळा

आमच्या भागातले बरेच पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळातले. सुकडी खाऊन ज्यांनी त्या बांधावर माती टाकली, त्यातली काही माणसं अजून गावात आहेत. भादव्यात पाच-सहा हेक्टर पाणी, आणि मे महिन्यात मधोमध गुडघाभर डबकं. असल्या तळ्यांवर मी वीसेक वर्षं गळ टाकत आलोय. मच्छीमार सोसायटीच्या मंडळींबरोबर बीज, म्हणजे माशांची पिल्लं, सोडायला आणि जाळं ओढायलाही जातो. त्यामुळे श्रावण लागला की फोन सुरू होतात. ‘दादा, मासे सोडले होते, एक दिसेना.’ ‘दादा, नुसती चिलापी झालीय, काय टाकू?’ प्रश्न कायम हाच, की काय टाकू. तळ्यात आधीपासून कोण राहतंय, याची चौकशी कुणी करत नाही.

जिरं सोडायचं आणि कटल्याची वाट बघायची

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

चार वर्षांपूर्वी शेजारच्या वाडीतल्या पोरांनी वर्गणी काढून ‘एक लाख मासे’ आणले. नारळ फुटला, फोटो झाले, सरपंचांच्या हस्ते पहिली पिशवी पाण्यात रिकामी झाली. वेळ दुपारी एकची. श्रावण असला तरी उघडीप होती, ऊन चटके देत होतं आणि पिशव्या पिकअपच्या उघड्या हौद्यात पाच तास तापलेल्या. मी पोचलो तेव्हा एकच पिशवी शिल्लक होती. तिच्यातलं मगभर पाणी स्टीलच्या ताटलीत ओतलं. आत सहा-सात मिलिमीटरचे, डोळे तेवढे काळे दिसणारे धागे. त्यातले निम्मे आडवे पडलेले.

‘अरे, हे मत्स्यजिरे आहे,’ मी म्हटलं.

‘मग? मासेच ना, दादा? स्वस्तात मिळाले.’

मासेच. पण जिऱ्याएवढे म्हणून तर त्यांना जिरे म्हणतात. दोनेक आठवडे जपून वाढवलं की ते इंचभराचं होतं, ती अर्धबोटुकली. आणखी दोन-तीन महिने सांभाळलं तर बोटाएवढी बोटुकली होते, आठ-दहा सेंटिमीटरची. मोठ्या तळ्यात सोडायच्या लायकीची ती. जिरे थेट तळ्यात सोडणं म्हणजे रांगती पोरं हायवेवर सोडणं. पाण्यातले किडे खातात, बेडूक खातात, खवलीसारखे छोटे मासे खातात. आणि चिलापी तर त्या दिवशी काठालाच पंगतीला बसल्यासारखी जमली होती. माझ्या डोळ्यांदेखत!

पुढच्या उन्हाळ्यात जाळं ओढलं. कटला निघाले सदतीस. पोरं म्हणाली, बियाणं बोगस होतं. बियाणं चांगलं होतं रे बाबांनो, घाई बोगस होती.

आता मी काय करतो ते सांगतो. पुस्तकात याहून चांगली पद्धत असेल, मला ही जमते. जिरे घ्यायचंच असेल तर आधी हाप्यात ठेवतो. हापा म्हणजे मच्छरदाणीच्या कापडाची उलटी पेटी. चार बांबू ठोकायचे आणि कमरेएवढ्या पाण्यात ती बांधायची. तांदळाचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड वस्त्रगाळ करून सकाळ-संध्याकाळ चिमूट-चिमूट टाकायची. दर चार दिवसांनी बाहेरून हात फिरवून शेवाळ काढायचं, नाहीतर भोकं बुजतात आणि आत पाणी खेळत नाही. वाढतील तसं दाट वाटलं की दुसऱ्या हाप्यात निम्मे काढायचे. एवढं करायला वेळ नसेल तर सरळ बोटुकली विकत घ्या. नग महाग पडतो, पण त्यातले जगतात किती ते बघा. ज्या तळ्यात वरून खाद्य घालत नाही तिथे मी हेक्टरी हजार-दीड हजार बोटुकलीच्या वर जात नाही. लाखाचा आकडा फ्लेक्सवर शोभतो.

सोडण्याची वेळ सकाळची किंवा सूर्य कलल्यावरची. बंद पिशवी तशीच पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायची. मग तोंड उघडून तळ्याचं पाणी मगानं थोडं थोडं आत घालायचं, चार-पाच वेळा. आतल्या पाण्यात एक हात आणि बाहेर एक हात घालून बघा. फरक कळत असेल तर अजून थांबा. शेवटी पिशवी आडवी धरायची आणि त्यांना आपणहून बाहेर जाऊ द्यायचं. वरून ओतू नका. याला अर्धा तास लागतो, आणि नेमका तेवढाच अर्धा तास लोकांकडे नसतो.

‘सोडू दोन-चार चिलापी, होतील वर्षात’

होतात. तीच तर तक्रार आहे.

चिलापी म्हणजे तिलापिया, मूळची आफ्रिकेची. भारतात १९५२ साली आणली. तिच्या मादीचा एक गुण असा की ती अंडी तोंडात धरते, पिल्लं निघून पोहायला लागेपर्यंत तोंडातच सांभाळते. त्यामुळे दुसऱ्या माशांची अंडी-पिल्लं खपतात तशी हिची खपत नाहीत. वर ती दोन-तीन महिन्यांतच वयात येते आणि वर्षातून अनेकदा विते. लहान तळ्यात गर्दी झाली की वाढ थांबते, विणं मात्र थांबत नाही. बोटभर लांबीची आई आणि तिच्या तोंडात पिल्लं, असलं जाळं मी ओढलंय. शंभर किलो मासळी, आणि बाजारात नेण्यासारखी टोपलीभर नाही.

आमच्याच तळ्यात ती कुणी आणली ते मला माहीत आहे. आमच्या नात्यातलेच एक तात्या उजनीकडून येताना बादलीत बारा-पंधरा घेऊन आले होते, ‘पोरांना गंमत’ म्हणून. तात्यांचं वय बघता मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

एकदा शिरली की औषध नाही, कमी ठेवणं एवढंच हातात. ‘लहान मासा परत सोडा’ हा नियम चिलापीला लावू नका. अर्धी बोटाएवढी सापडली तरी बाहेर काढा, कोंबड्यांना घाला. पाणी आटलं की मे महिन्यात बारीक जाळं फिरवा. आमच्या तळ्यात त्या वेळी दुसरे मोठे मासे थोडेच उरतात, म्हणून चालतं. आणि बीज सोडायचं ते चिलापीच्या तोंडात मावणार नाही एवढं मोठं.

चिलापी खाऊन कमी ठेवायचं खरं काम मात्र मरळ करते, आणि लोक तिलाच आधी मारतात.

लेकुरवाळी मरळ

पावसाळ्यात काठच्या गवतात पाण्यावर तांबूस-नारिंगी पिल्लांचा गोळा फिरताना दिसतो. ती मरळीची पिल्लं, आणि त्यांच्या खाली हातभर अंतरावर आई किंवा बाप राखण करत असतो. गोळ्यातून बेडकाचं आमिष ओढलं की तो धावून येतो. भुकेनं नाही, पिल्लं वाचवायला. दोन किलोची मरळ पाच मिनिटांत हातात येते, स्टेटसला फोटो जातो. संध्याकाळपर्यंत तो गोळा साफ झालेला असतो.

यात कसब काही नाही. ज्याला मरळ मारायचीच आहे त्यानं दिवाळीनंतर यावं, पाणी निवळल्यावर, पाणवनस्पतींच्या कडेला उकिडवं बसून वाट बघावी. पिल्लांवरची मरळ मारणाऱ्या एकाचा पुढच्याच वर्षी मला फोन आला होता. चिलापी फार झाली म्हणत होता.

किरकोळ वाटणाऱ्या, पण किरकोळ नसलेल्या

रोहू, कटला, मृगळ साठलेल्या पाण्यात वीत नाहीत. त्यांना नदीचं पुराचं वाहतं पाणी लागतं. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी कटकला माशाच्या मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांचं प्रजनन घडवलं, तेव्हापासून हॅचरीचं बीज मिळायला लागलं. तेव्हा ‘यंदा मोठे ठेवू, पुढच्या वर्षी आपोआप वाढतील’ असला हिशेब करू नका. बीज दर वर्षी सोडावं लागतं. सायप्रिनस, म्हणजे परदेशी कॉमन कार्प, साठलेल्या पाण्यातही विते, तेवढ्यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधू नका.

नुसता कटला सोडू नका. कटला वरच्या पाण्यात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. मी चार कटल्यांना तीन रोहू आणि तीन मृगळ धरतो.

सांडवा, म्हणजे तळं भरल्यावर जादा पाणी जायची वाट, वाहत असताना बीज सोडू नका. आधी सोडलं असेल तर सांडव्यावर बारीक जाळी लावायचा मोह आवरा. ती पालापाचोळ्यानं तुंबते आणि पाणी बांधावरून जायला बघतं. चार कटल्यांसाठी बांध घालवाल.

पहिल्या पावसात ओढ्याला चढणीचे मासे येतात, पोट गाभोळीनं, म्हणजे अंड्यांनी, टम्म. खायला चवदार, मान्य. चार खा, पण ओढ्याच्या तोंडाला आडवी मच्छरदाणी बांधू नका. तळ्यात फुकट वाढणारी मासळी एवढीच आहे.

थाई मांगूर हा परदेशी मासा नको. त्यावर देशात २००० सालापासून बंदी आहे. विकणारा त्याला देशी म्हणूनच विकतो.

जिलेटिन, ब्लीचिंग, विजेची तार यावर मी बोलणार नाही. स्फोटक आणि विष वापरून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, आणि जे हे करतात ते लेख वाचत नाहीत.

पहाटे मासे तोंड वर काढतात तेव्हा

हा फोन पहाटे साडेपाचला येतो. मासे पृष्ठभागावर येऊन हवा गिळत असतात. बघणाऱ्याला वाटतं रोग आला, किंवा कुणी विष टाकलं. बहुतेक वेळा पाण्यातला प्राणवायू संपलेला असतो. पाण्यातलं हिरवं शेवाळ दिवसा प्राणवायू देतं आणि रात्री स्वतःच वापरतं, म्हणून सूर्य उगवायच्या आधी तो सगळ्यात कमी असतो. तीन-चार दिवस ढगाळ गेले, किंवा कुणी ट्रॉलीभर शेण ओतलं असेल तर आणखी कमी.

अशा वेळी चुना टाकू नका. एका शेततळ्यात घाबरून दोन पोती कळीचा चुना टाकलेला मी पाहिलाय. दुपारपर्यंत जे जगले असते तेही गेले. शेण, कोंडा, खाद्य, सगळं त्या दिवशी बंद. शेतीचा पंप लावा, तळ्याचंच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं परत तळ्यात पडू द्या. पंप नसेल तर ट्यूबवर बसून पाणी बडवा. ऊन वर आलं की आपोआप सावरतं. कटला आधी कासावीस होतो, मरळीला काही होत नाही, ती वरची हवा घेते. तेव्हा मरळसुद्धा मरून तरंगत असेल तरच विषाचा संशय घ्या.

गळवाल्यांसाठी, थोडक्यात

हजारोंची रॉड घेऊन बांधावर उभे राहता, तुमची सावली पाण्यात पडते, खाली मोबाईलवर गाणी, आणि मग म्हणता तळ्यात मासे नाहीत. खाली बसा. सूर्य तोंडासमोर ठेवा. कणकेच्या गोळ्यात थोडी शेंगदाणा पेंड मळा आणि गोळा लिंबाएवढा नको, बोराएवढा करा. एका जागी दोन तास बसा. दर दहा मिनिटांनी जागा बदलणाऱ्याला मी आजवर रोहू मिळालेला पाहिला नाही. तळ्याचा ठेका कुणाकडे आहे ते विचारून मगच बसा. आणि तुटलेला तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, खिशात घालून घरी न्या. काठावरच्या तंगूसात पाय अडकून मेलेली टिटवी मी दोनदा सोडवलीय.

त्या सदतीस कटल्यांच्या पोरांनी यंदा हापा लावलाय. पहिल्याच आठवड्यात खेकड्यानं खालचा कोपरा कातरला आणि बरंचसं जिरे निसटलं. खालून दुहेरी कापड लावा, हे सांगायचं माझंच राहून गेलं होतं. उद्या सकाळी दाभण आणि जुनी मच्छरदाणी घेऊन मी तिकडे जातोय.