पणजीच्या फोटोत कुंकू दिसत नाही तेव्हा

धुळे, अमळनेर, पारोळ्याच्या जुन्या घरांत ट्रंकेच्या तळाशी जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला एखाद्या बाईचा फोटो निघतो. कपाळ मोकळं दिसतं आणि घरातले म्हणतात, ‘ही विधवाच असणार.’ तसं ठरवायची घाई नको.

आधी पुठ्ठा मोजा. साधारण अडीच बाय चार इंच असेल तर ते कार्त-द-व्हिझिट, म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेला छोटा फोटो. पॅरिसचा फोटोग्राफर दिस्देरी याने १८५४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. सव्वाचार बाय साडेसहा इंचांचं कॅबिनेट कार्ड १८६६ च्या सुमारास आलं. मग दहापट भिंग लावा. कागदाचे तंतू स्पष्ट दिसले आणि रंग पिवळट-तपकिरी असला, तर बहुधा अंड्याच्या पांढऱ्या भागाचा थर दिलेला अल्ब्युमेन कागद. ठिपक्यांची जाळी दिसली तर तो फोटो नव्हे, छपाई आहे. मागचा शिक्काही वाचा: खानदेश जिल्हा १९०६ मध्ये विभागला गेला, त्यामुळे ‘पूर्व खानदेश’ किंवा ‘पश्चिम खानदेश’ छापलेलं असेल तर पुठ्ठा एकोणिसाव्या शतकातला नाही.

आता कुंकवाकडे या. त्या काळी फोटो ज्या काचेवर घेत तिला निळा उजेड कळायचा, लाल जवळजवळ कळायचाच नाही. म्हणून लाल रंग काळा पडतो, पिवळा गडद होतो आणि निळं लुगडं चक्क पांढरट दिसतं. सावळी कातडीही आहे त्याहून काळी येते. काळवंडलेल्या कपाळावर काळं कुंकू मिसळून जातं. बाईने ते लावलेलं असतं, काच ते वेगळं दाखवत नाही. याच कारणाने विधवेचं लाल आलवण आणि सवाष्णीची काळी चंद्रकळा फोटोत सारखीच गडद दिसतात. नुसत्या गडद लुगड्यावरून काहीच ठरत नाही.

त्यापेक्षा गळा आणि मनगट पहा. मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांवर आणि काचेच्या बांगड्यांवर उजेडाचे बारीक ठिपके चमकतात. फोटो फिका पडला असेल तर १२०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करून फोटो-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये फक्त ब्लू चॅनेल (निळ्या रंगाचा थर) उघडा. पिवळ्या पडलेल्या फोटोतले तपशील तिथे सर्वांत ठळक दिसतात. सोन्याचे दागिने पिवळेधमक दिसले तर तो स्टुडिओतल्या ब्रशचा रंग; फोटो तिरपा धरला की रंगाचा थर वर बसलेला दिसतो.

नथ उजव्या नाकपुडीत दिसली तर फोटो काचेवर किंवा पत्र्यावर आहे का ते तपासा. पत्र्याला लोहचुंबक हलकेच टेकवून पाहा, चिकटतो. असे फोटो बऱ्याचदा आरशासारखे उलटे येतात, डावीकडची नथ उजवीकडे दिसते.

ताठ मान आणि न हसणारा चेहरा यावरून स्वभाव सांगू नका. काही सेकंद हलायचं नसे, म्हणून डोक्यामागे लोखंडी टेकू लावत. पायांमागे त्याची बैठक कधी कधी दिसते. खुर्ची, खांब, हातातलं पुस्तक हे बऱ्याचदा स्टुडिओचंच सामान. हातात पुस्तक आहे म्हणून बाई शिकलेली होती असं धरू नका. सही, पत्र असा दुसरा पुरावा शोधा.

पुठ्ठ्यावरून फोटो सोलू नका, लॅमिनेशन करू नका, वाकला तर इस्त्री फिरवू नका; अल्ब्युमेनला तडे जातात. मे महिन्यात पत्र्याच्या माळ्यावर तर ठेवूच नका. नाव कळलं तर मागे मऊ पेन्सिलीने, न दाबता लिहा, आणि नाव कोणी सांगितलं तेही लिहा.