अक्षांश-रेखांश कॅडमध्ये उतरवताना या चुका टाळा

सर्व्हेवाल्याने पाठवलेले प्लॉटच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश, विकास आराखड्यातली रस्त्याची रेषा आणि आर्किटेक्टचं ड्रॉइंग. तिन्ही कॅडच्या, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरच्या, एका फाइलमध्ये आणली की ती एकमेकांवर बसत नाहीत, हा मुंबईतल्या बहुतेक ड्राफ्टिंग ऑफिसांचा नेहमीचा अनुभव. त्यावरचा उपायही ठरलेला: मूव्ह मारा, थोडं रोटेट करा, तरी नाही जमलं तर स्केल करा आणि ‘बसलं एकदाचं’ म्हणून पुढच्या शीटला लागा.

माझ्या मते याहून वाईट उपाय नाही. ड्रॉइंग कसं बसत नाही यावरूनच चूक कुठे झाली ते कळतं, आणि मूव्ह मारला की तो पुरावाच पुसला जातो. म्हणून हात लावण्याआधी मोजा. किती सरकलंय? कुठल्या दिशेला? सगळीकडे सारखंच सरकलंय, की एका टोकाला जुळतंय आणि दुसऱ्या टोकाकडे फरक वाढत जातोय?

मोजायला एक ओळखीचा आकडा जवळ ठेवा. सीएसएमटी स्टेशन साधारण १८.९३९८ उत्तर, ७२.८३५५ पूर्व इथे आहे. डब्ल्यूजीएस ८४ डेटमवर (पृथ्वीच्या ज्या मापावर जीपीएस चालतं ते), यूटीएम (पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे करून मीटरमध्ये आकडे देणारी पद्धत) झोन ४३ उत्तर मध्ये त्याचा एक्स सुमारे २,७२,००० मीटर आणि वाय सुमारे २०,९५,६०० मीटर येतो. सगळी मुंबई एक्समध्ये पावणेतीन लाखांच्या अलीकडे-पलीकडे आणि वायमध्ये २०.९ ते २१.३ लाखांत मावते. तुमचा आकडा या चौकटीबाहेर असेल तर पुढे जाऊच नका.

पॉइंट भलत्याच मुलखात

पहिली चूक अदलाबदलीची. बोलताना आपण अक्षांश आधी म्हणतो, कॅडला मात्र एक्स आधी लागतो आणि एक्स म्हणजे पूर्वेकडचं अंतर, म्हणजे रेखांश. उलटं टाकलं तर मुंबईचा प्लॉट नॉर्वेतल्या ट्रोम्सो शहराच्या उत्तरेला साडेतीनशे किलोमीटरवर समुद्रात जातो. ही चूक लगेच दिसते, म्हणून ती फार त्रास देत नाही. त्रास देते ती अंशांचं मीटरमध्ये रूपांतर झाल्यानंतरची अदलाबदल. सर्व्हेवाल्यांच्या सीएसव्हीत बऱ्याचदा पॉइंट नंबर, मग नॉर्दिंग (उत्तरेकडचं अंतर, वाय), मग ईस्टिंग (पूर्वेकडचं, एक्स) असा क्रम असतो. सिव्हिल थ्रीडी या कॅड सॉफ्टवेअरमध्ये इंपोर्ट करताना फॉरमॅट न बघता ओके दाबलं की प्लॉट आरशात बघितल्यासारखा उलटतो. चौकोनी प्लॉट असेल तर ते नजरेलाही येत नाही.

दुसरी चूक अंश-मिनिट-सेकंदांची. १८°५६′२३″ याचं दशांश रूप १८.९३९७ आहे, १८.५६२३ नव्हे. तसं टाइप केलं, आणि रेखांशाचंही तेच केलं, तर पॉइंट सुमारे ४२ किलोमीटर दक्षिणेला आणि ३५ किलोमीटर पश्चिमेला, रेवदंड्याच्या अक्षांशावर भर अरबी समुद्रात पडतो. पंचवीस-तीस पॉइंटांची यादी आली असेल तर दशांश चिन्हानंतरच्या जोड्या बघा. पहिले दोन आणि पुढचे दोन आकडे कुठेच ५९ च्या वर जात नसतील तर ती यादी दशांशात नाही, हे नक्की समजा. जीपीएसच्या कच्च्या फाइलमधलं १८५६.३८३३ हे आणखी तिसरंच प्रकरण: १८ अंश आणि ५६.३८३३ मिनिटं. शंभराने भागून चालत नाही, मिनिटांना साठने भागायचं.

तिसरी झोनची. मुंबई झोन ४३ मध्ये आहे, पण त्याच्या पश्चिम कडेला. झोन ७२ अंशाला सुरू होतो आणि आपण ७२.८ च्या आसपास. एक्सेलमध्ये रेखांशात १८० मिळवून सहाने भागलं की ४२.१४ येतं. इथे पूर्णांश घेऊन त्यात एक मिळवायचा असतो. कोणी नुसता राउंड लावला तर झोन ४२ येतो आणि सीएसएमटीचा एक्स नऊ लाखांच्या पुढे जातो. एक्स नऊ लाखांत दिसला की दुसरं काही शोधू नका, झोन चुकलाय.

राज्यभर पसरलेल्या कामात हीच चूक जास्त फसवी होते. समृद्धी महामार्ग मुंबईकडून नागपूरला जाताना ७८ अंशाची रेषा ओलांडतो, म्हणजे झोन ४३ मधून ४४ मध्ये शिरतो. नागपूरचा झोन ४४ मधला एक्स तीन लाखांच्या थोडा वर येतो. दिसायला अगदी मुंबईच्या जवळचा. तो ४३ च्या ड्रॉइंगमध्ये तसाच टाकला तर नागपूर थेट गुजरातेत, बारडोलीच्या शेजारी जाऊन बसतं. अशा कामाला आधी एकच झोन ठरवा आणि सगळे पॉइंट त्यात आणा.

एक्सेलचं आणखी एक. सेलमध्ये दोन दशांश दिसत असताना फाइल सीएसव्ही म्हणून सेव्ह केली तर दिसतं तेवढंच सेव्ह होतं. ७२.८४ म्हणजे किलोमीटरभराचा गोळा, अख्खा प्लॉट एका टिंबावर. चार दशांश म्हणजे अकरा मीटर, सहा म्हणजे अकरा सेंटिमीटर. सेंटिमीटरचं काम असेल तर किमान आठ दशांश ठेवा. आणि स्वतःचं सूत्र लिहीत असाल तर साइन-कोसाइनला अंश नाही, रेडियन लागतात.

जागा बरोबर, माप चूक

काही जण अक्षांश-रेखांशाचे अंश सरळ एक्स-वाय म्हणून टाकतात आणि मग १,११,००० पटीने स्केल करतात. मुंबईच्या अक्षांशावर अक्षांशाचा एक अंश सुमारे ११०.७ किलोमीटर भरतो, रेखांशाचा मात्र १०५.३. दोन्हींना एकच पट लावली की ड्रॉइंग पूर्व-पश्चिम पाच टक्के फुगतं. जिन्याच्या लँडिंगपासून पार्किंगच्या वळणापर्यंत मग काहीच जुळत नाही.

याहून जास्त वेळा सापडतं ते वेब मर्केटर. ऑनलाइन नकाशे पडद्यावर याच प्रोजेक्शनमध्ये (गोल पृथ्वी सपाट करण्याच्या पद्धतीत) दिसतात, त्यामुळे क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये सॅटेलाइट चित्र आधी उघडलं की प्रोजेक्टही बहुधा तेच धरून बसतो. मग तिथून डीएक्सएफ (कॅडमध्ये उघडणारी फाइल) काढली की आकडे मीटरमध्ये येतात, म्हणून कोणाला शंका येत नाही. पण ते जमिनीवरचे मीटर नव्हेत. मुंबईत या प्रोजेक्शनमध्ये लांबी सुमारे सहा टक्क्यांनी आणि क्षेत्रफळ बारा टक्क्यांहून जास्त वाढतं. दहा हजार चौरस मीटरचा प्लॉट अकरा हजार दोनशेच्या वर दाखवतो. एफएसआयचा (प्लॉटवर किती बांधता येईल त्याचा) हिशेब त्यावर केला तर बिल्डर खूश होईल, पण प्रस्ताव तपासला जाईपर्यंतच. ओळख सोपी: एक्स ८१ लाखांच्या आसपास असेल तर ते वेब मर्केटर. एक्सपोर्टच्या खिडकीत ईपीएसजी ३२६४३ (यूटीएम झोन ४३ उत्तरचा क्रमांक) निवडा. ऑटोडेस्कच्या यादीत हेच यूटीएम८४-४३एन नावाने आहे.

सगळंच शंभरेक मीटर सरकलेलं

आकार बरोबर, दिशा बरोबर, मापं बरोबर, पण सगळं एकजात शंभर मीटरच्या घरात सरकलंय? मग डेटम बघा. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने टोपोशीट, मुंबईसाठी ४७ ए/१६ आणि ४७ बी/१३, एव्हरेस्ट लंबगोलावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर) काढलेले आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर चालतं. कागदावरचे अक्षांश-रेखांश वाचून ते जीपीएसचेच समजले तर हा फरक येतोच. इथे मूव्ह मारणं एकवेळ चालून जाईल असं वाटतं, पण शीटच्या दुसऱ्या टोकाला ते पुन्हा हलतं, कारण टोपोशीटचं प्रोजेक्शनही वेगळं, पॉलिकोनिक आहे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर निघालेले ओपन सीरीज नकाशे डब्ल्यूजीएस ८४ आणि यूटीएमवर आहेत. ते मिळत असतील तर जुन्या शीटच्या नादी लागू नका.

टोकाकडे वाढत जाणारा बारीक फरक

खरी डोकेदुखी ही. पॉइंट बरोबर जागी आहेत, झोन बरोबर, डेटम बरोबर, आणि तरी टोटल स्टेशनने (साइटवर कोन आणि अंतर मोजायच्या यंत्राने) मोजलेलं अंतर ड्रॉइंगमधल्या अंतराशी जुळत नाही. मग साइटवर एकमेकांवर खापर फोडणं सुरू होतं: ‘साहेब, तुमचं ड्रॉइंग चुकलंय’, ‘दादा, तुमचं मशीन एकदा चेक करून आणा’. दोघंही बरोबर असतात.

गोल पृथ्वी सपाट केली की कुठेतरी ताण पडणारच. यूटीएममध्ये झोनच्या मधल्या रेषेवर अंतरं ०.९९९६ पट होतात. आपल्या झोनची मधली रेषा ७५ अंशाची, म्हणजे अहिल्यानगरच्या थोडी पूर्वेला. तिथून दोन्ही बाजूंना सुमारे १८० किलोमीटरवर हे प्रमाण बरोबर एक होतं आणि त्यापलीकडे ते एकाच्या वर जातं. दक्षिण मुंबई या रेषेपासून सुमारे २२८ किलोमीटरवर आहे. तिथे जमिनीवरचा एक किलोमीटर ग्रिडवर (यूटीएमच्या एक्स-वायमध्ये) १००० मीटर २४ सेंटिमीटर भरतो, मुलुंडला सुमारे १७ सेंटिमीटर जास्त.

यातली खास मुंबईची चूक अशी की पुस्तकात ०.९९९६ वाचलेलं असतं, म्हणून माणूस ग्रिडचं अंतर ०.९९९६ ने भागतो. अहिल्यानगरकडे ते चाललं असतं. इथे फरक कमी होण्याऐवजी २४ चा ६४ सेंटिमीटर होतो.

शंभर मीटरच्या प्लॉटला हे अडीच सेंटिमीटर आहेत, सोडून द्या. दहा हजार चौरस मीटरवर मात्र पावणेपाच चौरस मीटर जास्त दिसतात, म्हणजे पन्नासेक चौरस फूट. या शहरात तेवढ्यात लोक संसार करतात. आणि काम लांबट असेल तर विचारूच नका: कुलाबा ते आरे या ३३.५ किलोमीटरच्या मेट्रो ३ एवढ्या लांबीवर हा फरक सात मीटरच्या वर जातो.

लांब कामासाठी चांगला मार्ग म्हणजे स्वतःचं स्थानिक ग्रिड. ट्रान्सव्हर्स मर्केटरच घ्यायचं, पण मधली रेषा ७२.८५ अंशावर आणि प्रमाण एक. त्या रेषेपासून पंधरा किलोमीटरच्या आत प्रोजेक्शनमुळे येणारा फरक किलोमीटरला तीन मिलिमीटरच्या पुढे जात नाही. सुरुवातीचे आकडे मुद्दाम लहान ठेवा, समजा एक्सला ५०,००० आणि वायला १,००,०००, म्हणजे कोणी ते यूटीएम समजणार नाही. आणि हे सगळं टायटल ब्लॉकवर लिहा.

मुंबई झोनच्या टोकाला असल्यामुळे उत्तर दिशाही फिरते. मुंबईत यूटीएम ग्रिडची उत्तर आणि खरी उत्तर यांत सुमारे ०.७ अंशाचा कोन आहे; ग्रिडवर खरी उत्तर किंचित उजवीकडे कललेली दिसते. ऑनलाइन नकाशाचा स्क्रीनशॉट खाली ठेवून त्यावर यूटीएमचे पॉइंट टाकले की एक कोपरा जुळतो आणि किलोमीटरभर पुढे १२ मीटरचा फरक दिसतो. फरक फिरल्यासारखा दिसला तर कारण हे. ताणल्यासारखा दिसला तर वर सांगितलेलं प्रमाण.

स्क्रीनवर थरथरणाऱ्या रेषा

वाय वीस लाखांच्या वर असलेल्या ड्रॉइंगमध्ये हॅच तुटतं, वर्तुळं कोपरेदार दिसतात, ऑर्बिट केलं (दृश्य फिरवलं) की रेषा नाचतात. आकडे आतून बरोबर असतात, पडद्यावर दाखवण्याचं गणित कमी पडतं. मिलिमीटरमध्ये काढणाऱ्यांचे आकडे आणखी हजारपट मोठे, त्यामुळे त्रासही जास्त. रेव्हिट तर मूळबिंदूपासून १६ किलोमीटरपलीकडची भूमिती नकोच म्हणतं. सगळं ड्रॉइंग शून्याजवळ ओढून आणू नका. स्थानिक ड्रॉइंग वेगळं ठेवा, खऱ्या जागेवरच्या फाइलला एक्सरेफ (संदर्भ म्हणून बाहेरून जोडलेली फाइल) म्हणून जोडा आणि सरकवण्याचा आकडा लिहून ठेवा. एकक बघायला विसरू नका: मीटरचा २,७२,००० हा आकडा मिलिमीटरच्या फाइलमध्ये मूळबिंदूपासून २७२ मीटरवर पडतो.

उंचीचं थोडक्यात. जीपीएसने मुंबईत जमिनीची पातळी उणे साठ मीटरच्या आसपास दाखवली तर यंत्र बिघडलेलं नाही. ती लंबगोलापासूनची उंची आहे, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. पालिकेची कागदपत्रं टाउन हॉल डेटमवर (मुंबईच्या स्वतःच्या शून्य पातळीवर) असतात, त्यात समुद्राजवळच्या रस्त्याची पातळीही विशीच्या पुढे येते. दोन्ही एका झेडमध्ये मिसळू नका.

पुढच्या वेळी सर्व्हेवाल्याकडे नुसते ‘कोऑर्डिनेट पाठवा’ असं म्हणू नका. मागायचं ते असं: डब्ल्यूजीएस ८४, दशांश अंशात आठ दशांशांपर्यंत, सोबत झोन ४३ चे ईस्टिंग-नॉर्दिंग मीटरमध्ये, स्तंभांवर नावं लिहून, उंची कुठल्या डेटमवर ते नमूद करून, आणि साइटवर प्रत्यक्ष मोजलेल्या एका लांब बाजूचं अंतर. फाइल आली की आधी ती बाजू मोजा.