फ्रिजची घरघर
परभणीच्या आमच्या घरातील फ्रिज मे महिन्यात रात्रभर घरघरू लागला, तेव्हा कॉम्प्रेसरच गेला असे समजून मी खर्चाचा हिशेब मांडून बसलो होतो. मात्र फ्रिजला बाजूने दाबले की आवाज थांबतो, हे लक्षात आल्यावर प्लग काढून मी तो पुढे ओढला. मागील तांब्याची नळी पाण्याच्या ट्रेला टेकून थरथरत होती. दोहोंमध्ये बोटभर अंतर राहील इतपतच ती हलक्या हाताने वाकवली, कारण नळीला चीर गेली तर गॅस निघून जातो. शहाबादी फरशी उंचसखल असल्याने पुढचा एक पायही अधांतरी होता, तो फिरवून टेकवला. जाळीवरची धूळ (उन्हाळ्यात आमच्याकडे तिला तोटा नाही) ब्रशने झाडली. आता कॉम्प्रेसर बंद होतानाचा हलका ठोका तेवढा ऐकू येतो.