स्कॅनमध्ये चमकतं ते औषधच असतं का?

थेरानोस्टिक्समध्ये, म्हणजे औषध पोचवणं आणि ते कुठे पोचलं हे पाहणं एकत्र साधणाऱ्या क्षेत्रात, मी रसायनशास्त्रातून आले. पहिल्याच वर्षी लायपोसोममध्ये, म्हणजे चरबीच्या आवरणाच्या अतिसूक्ष्म पोकळ कणांमध्ये, कर्करोगाचं औषध भरलं, त्यांच्या आवरणात चमकणारा डाय (रंगद्रव्य) घातला. उंदराची गाठ पडद्यावर लखलखली आणि आनंदाने मला रात्रभर झोप आली नाही. सकाळी गाईड मॅडमनी एवढंच विचारलं, "नुसता डाय टोचलेला उंदीर कुठाय?"

तो नव्हताच. नंतर तोही प्रयोग केला, तर ती गाठही तशीच चमकली. डाय कणातून सुटून रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटत होता आणि त्याच्यासोबत गाठीत शिरत होता. माझे कण बहुतांशी यकृत आणि प्लीहेत अडकले होते. सहा महिन्यांचं काम नव्याने करावं लागलं.

म्हणून या वाटेने येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं: प्रतिमेत लेबल, म्हणजे डायसारखी जोडलेली खूण दिसते, औषध नाही. आधी कण 37 अंशांवर सीरममध्ये (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवात) ठेवून लेबल किती टिकतं ते बघा. सुट्या लेबलचा कंट्रोल, म्हणजे तुलनेचा प्रयोग, ठेवाच. शेवटी अवयवांमधलं औषध मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणू त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणाऱ्या तंत्राने) स्वतंत्रपणे मोजा.

किरणोत्सारी औषधं पुढे गेली त्यामागे हेही एक कारण आहे, असं मला वाटतं. ल्युटेशियम-177 चे बीटा किरण पेशी मारतात आणि त्याचेच गॅमा किरण कॅमेऱ्यात दिसतात. वेगळा डाय लागतच नाही. तिथे अर्धायुकालाची, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायला लागणाऱ्या वेळेची, वाहक गाठीत पोचायला लागणाऱ्या वेळेशी जुळणी मात्र पक्की समजून घ्या. स्कॅनसाठी वापरल्या जाणाऱ्या गॅलियम-68 चा अर्धायुकाल 68 मिनिटं. तासाभरात गाठीत पोचणाऱ्या पेप्टाइडला (प्रथिनाच्या छोट्या तुकड्याला) तो पुरतो. अँटिबॉडीला कित्येक दिवस लागतात, तिथे सुमारे 78 तासांचं झिर्कोनियम-89 घ्यावं लागतं.

कोडिंग, प्रतिमांचं विश्लेषण हे कामाच्या ओघात जमतं. पण जमेल तेव्हा न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांशेजारी बसून स्कॅन बघा. प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींवरचं पीएसएमए हे प्रथिन शोधणारा स्कॅन मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा गाठींसोबत लाळग्रंथीही ठळक उजळल्या होत्या. पीएसएमएलाच चिकटणाऱ्या ल्युटेशियमच्या उपचारानंतर रुग्णांचं तोंड कोरडं का पडतं, ते मला त्या चित्रात दिसलं. तेव्हापासून कुठलाही स्कॅन हाती आला, की मी गाठीआधी बाकीचं शरीर बघते.