कॉम्प्युटरची पहिली वही: या चुका टाळा

दादरपासून कल्याणपर्यंत कुठल्याही क्लासात जा, कॉम्प्युटरच्या वहीचं पहिलं पान पिढ्यांच्या तक्त्याचंच असतं. व्हॅक्यूम ट्यूब, ट्रान्झिस्टर, आयसी, मायक्रोप्रोसेसर. तक्ता चुकीचा नाही. तो पाठ झाला की इतिहास संपला असं वाटतं, तिथे गडबड होते.

मग ‘पहिला कॉम्प्युटर कोणता?’ असं विचारलं की मुलं डोळे मिटून एनियाक लिहितात. एनियाक १९४६ साली अमेरिकेत लोकांसमोर आला, त्यात सुमारे १८,००० ट्यूबा होत्या. पण त्याआधी १९४१ मध्ये बर्लिनला कोनराड त्सुझे या जर्मन इंजिनिअरचं झेड-३ चाललं होतं, रिलेवर, म्हणजे विजेने उघडझाप होणाऱ्या स्विचांवर. युद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये ब्लेचली पार्कला कोलोसस सांकेतिक संदेश फोडायला मदत करत होता. शिवाय एनियाकचा हिशेब बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ मध्ये, नव्हताच, दशमान होता; आणि सुरुवातीला त्याचं काम बदलायचं म्हणजे तारा काढून पुन्हा जोडाव्या लागत. प्रोग्राम मेमरीत ठेवून चालवणारं पहिलं इलेक्ट्रॉनिक यंत्र मँचेस्टरचं, तारीख २१ जून १९४८. तेव्हा उत्तरात ‘पहिला’ लिहिण्याआधी ‘कशात पहिला’ ते लिहा. परीक्षक एनियाकच मागत असेल तर त्याला एनियाक द्या, गुण सोडू नका. पण स्वतःची समजूत तिथे थांबवू नका.

आणि आपल्याच शहरातलं यंत्र सोडून देणं ही त्याहून मोठी चूक. मुंबईत टीआयएफआरने (टाटा मूलभूत संशोधन संस्थेने) स्वतः बांधलेला कॉम्प्युटर १९६० मध्ये सुरू झाला. १९६२ मध्ये नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिलं. सुमारे २,७०० ट्यूबा आणि फेराइट कोअरची, म्हणजे छोट्या चुंबकी कड्यांची मेमरी, ४० बिटांचे २,०४८ ‘शब्द’ (मेमरीचे कप्पे). हा आकडा नुसता वाचून पुढे जाऊ नका, गुणाकार करा: ८१,९२० बिट. आठने भागा: १०,२४० बाइट. १,०२४ बाइटांचा एक केबी, म्हणजे बरोबर १० केबी! व्हॉट्सॲपवरचा ‘शुभ सकाळ’चा फोटोसुद्धा बहुधा त्यात मावणार नाही. बिट, बाइट आणि केबी एका दमात समजायला माझ्या मते याहून चांगलं गणित नाही.

बायनरीत मात्र एक चूक लपून बसते. १३ ला दोनने भागत गेलात की बाकी येते १, ०, १, १. ती खालून वर वाचायची: ११०१. वरून खाली वाचली तर १०११, म्हणजे ११. आता हाच सराव ५ किंवा ९ वर करा. १०१ आणि १००१ दोन्हीकडून सारखेच, त्यामुळे चुकीची पद्धतही बरोबर उत्तर देते आणि मूल खूश होऊन पुढच्या धड्याला जातं. सरावाला १३, ११, १९ असे आकडे घ्या आणि उत्तर उलट दशमानात आणून तपासा. आठ बिटांत २५६ किमती बसतात, पण सर्वांत मोठी २५५, कारण मोजणी शून्यापासून होते. इथेही बरेच जण घसरतात.

कॉम्प्युटरच्या अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणायची सवय तर सगळ्यांनाच, खरं तर सीपीयू म्हणजे आतला प्रोसेसर. बोलताना चालेल, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात दुकानदारही तेच म्हणेल. पण ‘सीपीयू बिघडला’ सांगून मशीन टाकून येऊ नका. पंखा फिरतो का, बीप येतो का, स्क्रीनवर काय दिसतं ते सांगा. तसंच मशीन हळू झालं म्हणून फोटो उडवत बसू नका. फोटो असतात स्टोरेजमध्ये. एकाच वेळी बरंच काही उघडलं की आधी भरते ती रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी. स्टोरेज काठोकाठ भरलं असेल तर गोष्ट वेगळी.

५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ च दिसते म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या. आणि १०० एमबीपीएसच्या नेटवर सेकंदाला १०० एमबी उतरत नाहीत, फार तर १२.५, तिथे एकक बिटांचं आहे.

आता खास आपली अडचण. मराठीत प्रोजेक्ट टाइप केला, पेन ड्राइव्हवर नेला, झेरॉक्सवाल्याकडे उघडला आणि पानभर रोमन अक्षरांचा कचरा. व्हायरस नाही हा. जुन्या फॉन्टमध्ये ‘क’ दिसतो, पण फाइलमध्ये साठवलेला असतो कुठल्यातरी इंग्रजी अक्षराचा क्रमांक. तो फॉन्ट नसेल तर तेच अक्षर उघडं पडतं. युनिकोड या जगभरच्या अक्षर-क्रमांकांच्या यादीत देवनागरीला स्वतःचे क्रमांक आहेत, म्हणून टाइप करताना सुरुवातीपासून इनस्क्रिप्ट किंवा दुसरा युनिकोड कीबोर्ड वापरा.

पायथॉन शिकणाऱ्यांनी ‘मुंबई’ची लांबी मोजून बघावी. डोळ्यांना तीन अक्षरं, पायथॉन म्हणतो पाच: म, उकार, अनुस्वार, ब, ई. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, साठवलं की प्रत्येकी तीन बाइट, एकूण १५. उत्तर तीन येत नाही म्हणून प्रोग्राममध्ये चूक शोधत बसू नका.

जुनी फाइल हातात असेल तर आधी कॉपी ठेवा, मग कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा. नंतर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार असलेले शब्द मात्र एकेक करून वाचा. जुन्या फॉन्टात वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर. कन्व्हर्टर चुकला तर बहुतेक तिथेच चुकतो.