सोलापूरहून मुंबई बंदरात: संध्याकाळची जेवणाची बोटफेरी कशी करावी

सोलापूरकराला पाणी परके नाही. पण आपले पाणी जागच्या जागी राहणारे आहे. सिद्धेश्वराचा तलाव असो, कंबर तलाव असो किंवा हिवाळ्यात रोहित पक्षी पाहण्यासाठी उजनीच्या फुगवट्यावर मारलेली होडीची चक्कर असो, सकाळी जी पायरी पाण्याखाली असते तीच संध्याकाळीही असते. मुंबईच्या बंदरात पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते, आणि संध्याकाळच्या बोटफेरीचे निम्मे सुखदुःख या चढउतारावर ठरते, हे आम्हांला पहिल्याच फेरीत, चांगली फजिती झाल्यावर कळले. म्हणून तिकीट, जेवण आणि कपडे यांच्याआधी तिथी पाहावी.

आमची ती फेरी पौर्णिमेची होती. चांदण्यात जेवावे, एवढीच हौस. गेटवेच्या धक्क्यावर पोहोचलो तेव्हा ओहोटी पूर्ण लागलेली होती आणि एरवी पाण्याखाली असणाऱ्या खालच्या पायऱ्या हिरव्या शेवाळासह उघड्या पडल्या होत्या. आमच्या आत्या सत्तरीच्या पुढच्या, अंगावर इरकल, पायांत नवी चप्पल. तिसऱ्या ओल्या पायरीवर त्यांचा पाय सरकला आणि मागे असलेल्या भाच्याने दंड धरला म्हणून निभावले. खाली दोन बोटी एकमेकींना खेटून उभ्या होत्या. पहिलीत उतरायचे, तिच्यातून आपल्या बोटीत जायचे. खलाशाने हात पुढे केला आणि म्हणाला, “आजी, घाई नको. बोट वर आली की पाय टाका, खाली जाताना टाकू नका.” हे वाक्य प्रत्येकाने लक्षात ठेवावे, कारण लाटेबरोबर बोट हातभर वरखाली होत असते आणि ती खाली जात असताना टाकलेला पाय अधांतरी राहतो.

भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरील जुना हिशेब फार सोपा आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती; दशमीला साडेसात; द्वादशीला नऊ; पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकापासून मोजावे. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी येते, म्हणून पौर्णिमा आणि अमावास्या या दोन्ही दिवशी, नेमक्या बोटीत बसण्याच्या वेळी, पाणी सर्वांत खाली असते. त्यातही हे दिवस उधाणाचे, आणि मोठ्या उधाणात मुंबईला भरती-ओहोटीच्या पातळीतील फरक चार मीटरहून अधिक होतो. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात, तेव्हा हा फरक बराच कमी असतो. हिशेब ढोबळ आहे, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरावा; पण दिवस निवडण्यास तो पुरेसा आहे. सोलापुरातूनच छापून निघणारे पंचांग आपल्याकडे घरोघरी असते, तेव्हा त्याचा एवढा उपयोग करून घेण्यास हरकत नसावी.

बरोबर वडीलधारी माणसे किंवा लहान मुले असतील तर शुद्ध दशमी गाठावी, असे आमचे मत आहे. त्या संध्याकाळी पायऱ्यांवर पाणी भरलेले असते, बोट धक्क्याच्या उंचीला येते आणि सूर्यास्ताच्या वेळी चंद्र पूर्वेकडे बराच वर आलेला असतो. एकादशीही चालली असती. पण पंढरपूरच्या जिल्ह्यातील माणसांना एकादशीला बुफेचे तिकीट काढून देणे म्हणजे शिक्षाच. द्वादशीला उपवास सुटलेला असतो आणि निघताना पाणी चढतीवर असते, त्यामुळे तीही चांगली. तरुण मंडळींनी मात्र पौर्णिमाच धरावी. मुंबई बंदर शहराच्या पूर्वेला आहे. सूर्य शहराच्या मागे, इमारतींच्या आड मावळतो, आणि ‘समुद्रात बुडणारा सूर्य’ पाहण्याच्या अपेक्षेने आलेल्यांचा विरस होतो. तो पाहायचा तर चौपाटीवर जावे. बंदरात पाहायचा तो चंद्रोदय: पौर्णिमेला सूर्य मावळतो त्याच सुमारास उरण-घारापुरीच्या बाजूने तांबूस चंद्र वर येतो आणि बोटीपासून थेट क्षितिजापर्यंत पाण्यावर पट्टा पडतो. कोजागरीला हे दृश्य विशेष, कारण तोवर पाऊस बहुधा परतलेला असतो.

हंगाम ऑक्टोबर ते मे असा धरावा; त्यातही नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात गेटवेच्या बऱ्याच प्रवासी लाँच बंद असतात आणि कोणी जून-जुलैची तारीख देऊ केली तर ती बोट धक्का सोडते की नाही, हे आधी विचारावे. सूर्यास्त डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास आणि मेअखेरीस सातनंतर होतो. सोलापूरपेक्षा मुंबईत सूर्य साधारण १२ मिनिटे उशिरा मावळतो, एवढा फरक घरच्या घड्याळाच्या अंदाजात मिळवावा.

बोटींचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला, गेटवेसमोरून सुटणारी साधी लाँच, जी बंदरात थोडा वेळ फिरवून आणते आणि जिच्यात जेवण नसते. दुसरा, माणशी तिकीट असलेली मोठी बोट, जिच्यात बुफे, गाणी आणि बहुधा दीड-दोन तासांची फेरी असते. तिसरा, तासांच्या भाड्याने मिळणारी खासगी यॉट. आठ-दहा जणांचे कुटुंब असेल तर तिचा माणशी खर्च ऐकायला वाटतो तितका निघत नाही, आणि जेवण आपल्या आवडीचे मागवता येते. काही तरंगती उपाहारगृहे नांगर टाकून एकाच जागी उभी असतात. त्यांना फेरी म्हणता येत नाही, जरी जाहिरातीत तसे भासवले जाते.

पैसे भरण्यापूर्वी फोनवर नेमके प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लेखी संदेशात मागवून घ्यावीत. बोट प्रत्यक्ष पाण्यावर किती वेळ चालते आणि धक्क्याला किती वेळ उभी असते? कोणत्या धक्क्यावरून बसायचे? ‘गेटवे’ एवढे उत्तर पुरेसे नाही, कारण तिथे एकाहून अधिक जेट्ट्या आहेत आणि भाऊचा धक्का तर तिथून बराच उत्तरेला आहे. शाकाहारी पदार्थांची भांडी आणि मांडणी वेगळी असते का? मद्य दिले जाते का, कारण घरची वयस्क मंडळी बरोबर असतील तर वातावरण आधी माहीत असलेले बरे. शौचालय आहे का? हवामान बिघडल्यास पैसे परत की दुसरी तारीख? आणि आपली जागा नेमकी कुठे? आम्हांला ‘खिडकीजवळची जागा’ मिळाली ती खरोखर खिडकीजवळची होती, मात्र खिडकीपलीकडे जनरेटर होता आणि वरणभाताला डिझेलचा वास येत होता. तेव्हा जागा वरच्या डेकवर की खालच्या, इंजिनापासून किती अंतरावर, असे स्पष्ट विचारावे.

प्रवासाचे गणित सोलापूरकराच्या सोयीचे आहे. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघाल्यास सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरता येते. पण मग संध्याकाळपर्यंतचा दिवस उन्हात काढावा लागतो आणि बोटीत चढताना सगळे दमलेले असतात. त्यापेक्षा १० फेब्रुवारी २०२३ पासून सुरू झालेली वंदे भारत बरी: पहाटे सहाच्या सुमारास सोलापूर सोडते आणि दुपारी साडेबाराच्या सुमारास मुंबईला पोहोचवते. आठवड्यातून एक दिवस ती नसते, हे पाहून आरक्षण करावे. परतीची वंदे भारत मात्र दुपारी चारनंतर लगेच सुटत असल्यामुळे तिचा उपयोग नाही. परतीसाठी रात्री साडेदहानंतर सुटणारी सिद्धेश्वर आहे, आणि बोट नऊपर्यंत धक्क्याला लागणार असेल तरच ती धरावी. गेटवे ते टर्मिनस हे अंतर सुमारे अडीच किलोमीटर असले, तरी बोटीला धक्का मोकळा मिळण्यातच कधी कधी वीस-पंचवीस मिनिटे जातात. फेरी त्याहून उशिरा संपणार असेल तर मुक्काम करावा. पळत सुटलेल्या माणसाला जेवणही पचत नाही. गाड्यांच्या वेळा बदलतात, त्या आरक्षणाच्या वेळी पुन्हा तपासाव्यात. मोठ्या बॅगा स्थानकावरील क्लोकरूममध्ये कुलूप लावून ठेवाव्यात, कारण गेटवेच्या आवारात सामानाची तपासणी होते आणि बोटीतही बॅगांना जागा नसते.

कपड्यांबाबत एवढेच, की दिवसभर घाम काढणारी मुंबई डेकवर गार लागते. वाऱ्याला शाल हवी. ती सोलापूरकराने विकत घ्यायची गरज नाही. घेरदार ओढणी आणि सुटा पदर खोचून घ्यावा. पायांत मागे पट्टा असलेली, खरखरीत तळाची चप्पल किंवा बूट असावेत. मोबाइलला गळ्यात अडकवायची दोरी लावावी.

सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी धक्क्यावर असावे. हातात एकही पिशवी न ठेवता, एका हाताने दोर किंवा कठडा आणि दुसऱ्या हाताने खलाशाचे मनगट धरून चढावे. बसल्यावर आधी लाईफ जॅकेट कुठे आहे ते पाहावे आणि मुलांना ते घालून पट्टे आवळून द्यावेत. हे कंटाळवाणे वाटते. पण १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळून माणसे गेली, तो अपघात याच शांत दिसणाऱ्या पाण्यात भरदिवसा झाला होता. बोटीत मर्यादेपेक्षा जास्त माणसे भरली जात आहेत असे दिसले, तर पैशांवर पाणी सोडून धक्क्यावरच थांबावे.

बोट सुटली की पहिला अर्धा तास जेवणाकडे पाहू नये. गेटवे ऑफ इंडिया जमिनीवरून सगळ्यांनीच पाहिलेले असते, पण ते बांधले गेले ते समुद्राकडून येणाऱ्यासाठी. २६ मीटर उंचीची ही पिवळसर बेसाल्टची कमान जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार उभी राहिली आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी खुली झाली. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी तिच्याखालूनच निघून गेली. तिच्या बाजूला १९०३ सालचे ताज हॉटेल. दोन्हींवर दिवे लागतात तो क्षण बोटीच्या मागच्या टोकाकडून उत्तम दिसतो. बोट दक्षिणेला, कुलाब्याच्या टोकाकडे निघाली तर शहर उजव्या हाताला राहते आणि परतताना डाव्या, म्हणून एकाच कडेला चिकटून बसू नये. उत्तरेला नौदलाची गोदी आहे; तिथल्या युद्धनौकांवर कॅमेरा रोखू नये. अंधार पडला की नांगरलेल्या मालवाहू जहाजांचे दिवे रांगेने पेटलेले दिसतात, जवाहर द्वीपावरील तेलाच्या धक्क्याचा उजेड दिसतो, आणि हवा स्वच्छ असेल तर दूर उत्तरेला १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या अटल सेतूची दिव्यांची लांब ओळ. घारापुरीचा डोंगर मात्र काळा राहतो.

घाटात जशी गाडी लागते तशी काहींना बोट लागते. पूर्वेला कोकणचा किनारा आणि पश्चिमेला मुंबईची जमीन यांच्यामध्ये बंदराचे पाणी आडोशाला असते, त्यामुळे त्रास सहसा होत नाही. टोक ओलांडून बोट मोकळ्या समुद्राकडे गेली की डोल वाढतो. ज्यांना गाडी लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी निघण्यापूर्वी घ्यावी, दुपारी तळलेले खाऊ नये, आणि बोटीच्या मध्यभागी, शक्यतो खालच्या मजल्यावर, पण वारा लागेल असे बसावे. मळमळू लागल्यास मोबाइल बाजूला ठेवून दूरच्या स्थिर दिव्याकडे पाहावे आणि आल्याचा तुकडा चघळावा. बंद खोलीत जाऊन आडवे पडण्याने उलट वाढते.

जेवणासाठी बुफेसमोरची पहिली गर्दी ओसरू द्यावी. ताट अर्धेच भरावे, पातळ पदार्थ वाटीत कमी घ्यावेत, आणि सूप बसल्या जागी मागवावे. हातात वाटी घेऊन डेकच्या जिन्यावर चढण्याचे धाडस आमच्या एका मेहुण्यांनी केले, त्याचा डाग अजून सदऱ्यावर आहे. चवीची अपेक्षा बेताची ठेवावी. पनीर, डाळ, पुलाव, एखादी मासळी असे ते जेवण असते आणि सोलापूरच्या जिभेला ते अळणीच वाटणार. शेंगाचटणीची छोटी डबी खिशात असली तर कोणी अडवत नाही, निदान आम्हांला अडवले नाही. गोड मात्र बोट परत फिरल्यावर, पुन्हा डेकवर जाऊन खावे, कारण उजळलेले शहर हळूहळू जवळ येत असते.

उतरताना चढतानापेक्षा जास्त जपावे. दोन तासांत पाण्याची पातळी बदललेली असते, पायऱ्या ओल्या असतात आणि सगळ्यांना एकदमच निघायचे असते. बोट दोराने पक्की बांधली जाईपर्यंत उठू नये, वडीलधाऱ्यांना शेवटी उतरवावे, आणि धक्क्यावर आल्यावर माणसे मोजून मगच टॅक्सी पाहावी. रात्रीची गाडी असेल तर पावणेदहापर्यंत स्थानकावर असावे आणि क्लोकरूममधून सामान सोडवण्यासाठी एकाला पुढे पाठवावे. खाऱ्या पाण्याने भिजलेल्या चपला तशाच बर्थखाली सारू नयेत. नळाखाली धुऊन, कागदात गुंडाळून ठेवल्या तर सकाळी सोलापूरला उतरेपर्यंत घालण्याजोग्या होतात.