ओपन सोर्सची बाजू मांडायला जाण्याआधी

ऑफिसात ओपन सोर्स टूल, म्हणजे ज्यांचा कोड कुणालाही वाचता, बदलता आणि पुढे देता येतो अशी टूल, वापरायची मागणी मांडायची असेल, तर त्या मीटिंगची तारीख ठरली की सगळ्यात आधी, आपण आजच ओपन सोर्सवर किती उभे आहोत ते मोजून ठेवा. बहुतेक ऑफिसांत हा विषय "आता नवीन काही आणायचं का?" असा मांडला जातो आणि तिथेच बाजू लंगडी पडते. सर्व्हरवर बहुधा लिनक्स असतो, त्याच्यापुढे वेबपानं पुरवणारं अपाची किंवा एनजिनएक्स, डेटाबेस पोस्टग्रेस नाहीतर मायएसक्यूएल. प्रोजेक्टमधली लॉक फाइल (वापरलेल्या प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती नोंदणारी) उघडली, तर आपण मागवलेल्या वीस-पंचवीस पॅकेजांच्या, म्हणजे तयार कोडच्या गठ्ठ्यांच्या, पाठोपाठ शेकडो पॅकेजं आलेली दिसतात. ही सगळी नावं, प्रत्येकाच्या लायसनसकट, एका शीटमध्ये उतरवा. ती शीट समोर असली की चर्चा "आणायचं की नाही" यावरून "जे आहे ते नीट कसं सांभाळायचं" यावर येते.

दुसरं, "फुकट आहे" हे वाक्य आपल्या तोंडून जाऊ देऊ नका. ते ऐकलं की हिशेब बघणाऱ्या माणसाला वाटतं, यांनी खर्चाचा विचारच केलेला नाही. तीन वर्षांचा तक्ता करा. एका बाजूला लायसन, रिन्युअल आणि माणूस वाढला की वाढणारी फी, तर दुसऱ्या बाजूला शिकायला लागणारे तास, जुनं काम नव्यात आणण्याचे तास आणि दर महिन्याच्या अपडेटचे तास. एखादं विकतचं टूल या तक्त्यातही स्वस्त पडत असेल, तर ते आपल्या मागणीतून काढून टाका आणि काढलं आहे हे मीटिंगमध्ये सांगा. उरलेल्या मागणीवर विश्वास बसतो तो यामुळेच.

माझ्या मते खरा मुद्दा पैशांचा नाहीच, सुटका करून घेता येण्याचा आहे. एका जुन्या नोकरीत आमची सगळी पानं एका विकतच्या टूलमध्ये बनायची. रिन्युअलचा कागद सहीसाठी कुठेतरी अडकला आणि एका सोमवारी सकाळी ते टूल फक्त वाचण्यापुरतं उघडलं. संपर्काच्या पानावर फोन नंबरचा एक आकडा चुकला होता. फाइल आमची, मजकूर आमचा, पण साठवलेला त्यांच्याच फॉरमॅटमध्ये, त्यामुळे दुसऱ्या कशातच उघडेना. एक आकडा बदलायला तीन दिवस गेले आणि ते तीन दिवस लोक चुकीच्या नंबरवर फोन करत राहिले. तेव्हापासून कुठल्याही टूलबद्दल मी पहिला प्रश्न हाच विचारतो: हे उद्या बंद पडलं, तर आपलं काम आपल्याला उघडता येईल का? तुमच्या प्रत्येक टूलसमोर या प्रश्नाचं उत्तर लिहून न्या.

ओपन सोर्स टूल बंद पडत नाहीत, असा दावा मात्र करू नका. ॲटम हा एडिटर ओपन सोर्स होता, तरी १५ डिसेंबर २०२२ला त्याचं काम अधिकृतपणे थांबलं. पण कोड मोकळा असल्यामुळे काही जणांनी तो पल्सर या नावाने पुढे नेला. उलट, ॲडोबीने २०२०च्या अखेरीस फ्लॅश या आपल्या बंद कोडच्या वेब-अ‍ॅनिमेशन टूलचा सपोर्ट थांबवला, तेव्हा त्यावर उभ्या साइट्सना तो कोड हातात घेऊन पुढे नेण्याचा पर्याय नव्हता. ऑगस्ट २०२३मध्ये टेराफॉर्म या सर्व्हर उभारण्याच्या टूलचं लायसन बदललं, ते ओपन सोर्स राहिलं नाही आणि आधीच्या मोकळ्या कोडवरून ओपनटोफू निघालं. मार्च २०२४मध्ये रेडिस या डेटाबेसचं तसंच बदललं आणि व्हॅल्की उभं राहिलं. यातली दोन उदाहरणं पुरेत, चारही सांगत बसू नका.

लायसनचं काम मीटिंगच्या आधीच कायदा बघणाऱ्यांशी बसून उरका. एमआयटी, बीएसडी आणि अपाची ही लायसन सहसा अडत नाहीत, अपाची २.० मध्ये पेटंटचा हक्कही स्पष्ट दिलेला असतो. जीपीएल या लायसनच्या मुख्य अटी (बदललेला कोडही मोकळा ठेवण्याच्या) तुम्ही सॉफ्टवेअर दुसऱ्याला देता तेव्हा लागू होतात. त्याचंच कडक भावंड एजीपीएल मात्र, कोडमध्ये बदल करून तो नेटवर्कवरून वापरायला दिला तरी लागू होतं, म्हणून वेबच्या कामात त्याकडे वेगळं लक्ष द्या. आणि एक बारकावा: व्हीएस कोड या एडिटरचा सोर्स एमआयटी लायसनखाली आहे, पण मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आपण उतरवतो त्या तयार प्रतीचं लायसन वेगळं आहे. असा फरक आपल्या आधी समोरच्याने दाखवला, तर पुढची सगळी चर्चा बचावात जाते.

सुरक्षेचा प्रश्न येणारच. तो यायची वाट न बघता स्वतःच काढा. २०१६मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या साठ्यावरून काढलं गेलं आणि असंख्य बिल्ड (कोडपासून तयार प्रत बनवण्याचं काम) कोसळले. डिसेंबर २०२१मध्ये लॉग४जे या जावा प्रोग्रॅममध्ये नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीतलं सुरक्षेचं भोक उघड झालं. मार्च २०२४मध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीत मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा सापडला. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच लॉगिनला (दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याला) सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं आणि माग काढत तो मुळापर्यंत गेला. कोड हाताशी होता म्हणून जाता आलं. पण तो दरवाजा पेरता आला, कारण मूळ मेंटेनर, म्हणजे तो प्रकल्प सांभाळणारा माणूस, एकट्याने ओझं वाहत थकला होता. दोन्ही गोष्टी सांगा आणि लगेच आपली व्यवस्था मांडा: आवृत्त्या लॉक फाइलने बांधलेल्या, बिल्डमध्ये तपासणी चालू, आठवड्यातले ठरलेले दोन तास अपडेटसाठी आणि त्या कामावर एका माणसाचं नाव. "टीम बघेल" असं लिहिलं तर कुणीच बघत नाही.

प्रत्येक टूलची तब्येतही बघून घ्या. शेवटचं रिलीज कधी आलं, काम करणारे हात किती, कुठल्या आवृत्तीला कधीपर्यंत पॅच मिळणार. पीएचपीसारखे प्रकल्प या तारखा आधीच जाहीर करतात, त्या शीटमध्ये भरा. अडलं तर फोन कुणाला करायचा, हेही लिहा. पोस्टग्रेससारख्या टूलला पैसे देऊन सपोर्ट घेता येतो.

डेमोसाठी नवं चकचकीत पान बनवू नका. चालू कामातलंच एखादं कटकटीचं पान घ्या, दोन आठवडे द्या आणि पूर्ण बिल्डला किती वेळ लागतो, बदल सेव्ह केल्यावर ब्राउझरमध्ये किती सेकंदांत दिसतो, हे आधीचं आणि नंतरचं मोजा. मग या कामात नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला नुसती रीडमी (सेटअपच्या सूचनांची फाइल) देऊन सेटअप करायला बसवा. मागे बसा, बोलू नका, तो जिथे अडेल ती ओळ टिपून घ्या आणि तेवढीच दुरुस्त करा.

मागणीच्या कागदावर आणखी दोन ओळी हव्यातच: आपण केलेली दुरुस्ती मूळ प्रकल्पाला परत पाठवायची लेखी परवानगी आणि ज्यांच्यावर आपण सर्वांत जास्त विसंबून आहोत त्या मेंटेनरांसाठी थोडी ठरलेली रक्कम. या दोन ओळी बहुतेक जण संकोचाने गाळतात. गाळू नका.

शेवटी जुन्या टूलच्या रिन्युअलची तारीख बघा आणि मीटिंग तिच्या किमान दोन महिने आधी लावा, म्हणजे दोन्ही टूल काही दिवस शेजारी-शेजारी चालवता येतील.